आठ किलो

"हलू नकोस."

"मी कुठं हलतेय? तुमचा काटाच हलतोय."

ती गाडीत बसली होती. डोक्यावर हेल्मेट, हात स्टिअरिंगवर, नजर समोर शेडच्या बंद दारावर. गाडीच्या चार चाकांखाली चार काटे होते, पार्सल ऑफिसनं मोडीत काढलेले, मी दुरुस्त केलेले. मी गुडघ्यांवर सरकत एकेका काट्याचा आकडा वाचत होतो आणि खडूनं फरशीवर लिहीत होतो. चारही लिहून बेरीज केली. आठशे त्रेचाळीस. पुन्हा केली. आठशे त्रेचाळीसच.

आदल्या दिवशी हीच गाडी मोजली होती. हेच टायर, तेवढीच हवा, टाकीत तेवढंच पेट्रोल. फक्त तिच्या जागी तिच्या वजनाची वाळू ठेवली होती. तेव्हा आठशे एकावन्न भरले होते.

"आठ किलो कमी भरतंय," मी म्हणालो.

"तीन नंबरचा काटा असेल. तो पहिल्यापासून खोटारडा."

मी तिला उतरवलं, जॅक लावला, तीन नंबरचा काटा बाहेर ओढला. त्यावर वीस किलोचं लोखंडी वजन ठेवलं. वीस. दुसरं ठेवलं. चाळीस. काटा बरोबर होता. तरी पुन्हा सगळं बसवलं, गाडी चारही कोपऱ्यांवर दाबून हलवली म्हणजे स्प्रिंगा आपापल्या जागी बसतात, आणि तिला आत बसवलं. आठशे त्रेचाळीस.

खरं तर काटा तपासायची गरजच नव्हती. एक काटा बिघडला तर एक आकडा चुकतो. इथं चारही आकडे थोडे थोडे उतरले होते, आणि सगळ्यात जास्त ड्रायव्हरच्या बाजूच्या मागच्या चाकाखालचा. चार काटे ठरवून खोटं बोलत नाहीत. एवढं मला चाळीस वर्षांच्या नोकरीत कळलेलं होतं.

"मग तू बारीक झालीस," मी म्हणालो.

"झाले असेन. रिटायर झाल्यापासून रोज चालते ना."

आणि मी खूश झालो. हे लिहायला जड जातं, पण झालं तसं झालं. मी टाळी वाजवली. म्हणालो, "आठ किलो! अगं, गाडीतून एवढं लोखंड काढायला मला दोन महिने लागले असते." मग भिंतीजवळ गेलो, खडू घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं : ड्रायव्हर – ८. खाली तारीख घातली.

त्या दिवशी आम्हाला कळलं. म्हणजे, आकडा कळला.

मी बस डेपोत फिटर होतो. ती शाळेची बस चालवायची. बस माझ्या हाताखाली दुरुस्तीला यायची आणि बसबरोबर ती यायची, कमरेवर हात ठेवून. "मिस्त्री, डाव्या अंगाला काहीतरी कुरकुरतंय. आणि मला सांगू नका की कान तपासून घ्या." बसच्या ड्रायव्हरला गाडी बुडाखालून कळते. ती सांगायची तिथंच बिघाड सापडायचा. डेपोत सगळे मला मिस्त्री म्हणायचे म्हणून ती म्हणायची, आणि लग्नानंतर दुसरं काही म्हणणं तिला जमलंच नाही. चारचौघांत "आमचे मिस्त्री", घरात "अहो मिस्त्री", भांडणात "हे बघा मिस्त्री".

बावीस वर्षांत तिनं बस चाळीसच्या वर नेली नाही. निवृत्त झाली त्या दिवशी शाळेनं तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी आल्यावर तिनं ते खोक्यातच राहू दिलं, बूट काढले, पाय चोळत बसली.

"मिस्त्री, मला एकदा जोरात जायचंय."

"कुठं?"

"कुठंच नाही. नुसतं जोरात."

शहराबाहेर एक ट्रॅक होता. महिन्यातून एक दिवस कुणालाही आपली गाडी आणून तिथं चालवता यायची. शर्यत नाही, बक्षीस नाही, माणशी वीस मिनिटं. आणि डेपोच्या मागे ताडपत्रीखाली एक गाडी पडून होती, दोन सीटची, अठ्ठावीस वर्षं जुनी. मालक देश सोडून गेला होता. एके काळी ती गाडी रस्त्यानं गेली की माणसं मान वळवून बघायची. मी ताडपत्री काढली तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसत होती, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता आणि इंजिन गंजून जाम झालं होतं.

"जमेल?" तिनं विचारलं.

"वेळ लागेल."

"आता वेळच आहे."

दोन वर्षं लागली. गंजलेला तळ कापून नवा पत्रा जोडला. इंजिन उघडलं, व्हॉल्व्ह घासले, पिस्टन बदलले. दुसरा गिअर अडायचा, त्यासाठी गिअरबॉक्स तीनदा काढला आणि तीनदा चढवला. दोन्ही कार्ब्युरेटर जुळवताना ती आत बसून कान देऊन ऐकायची आणि ओरडायची, "दुसरा सिलिंडर शिंकतोय!" मी स्क्रू फिरवायचो. "आता चौथा." मी फिरवायचो. "आता सगळे एका सुरात आहेत. हात लावू नका. मिस्त्री, हात काढा म्हटलं ना!"

जोरात जायचं तर दोनच उपाय असतात. ताकद वाढवायची नाहीतर वजन कमी करायचं. जुन्या इंजिनाकडे जास्त ताकद मागितली की ते एक दिवस देतं आणि दुसऱ्या दिवशी फुटतं. म्हणून आम्ही वजन काढलं. जी वस्तू काढली ती काट्यावर ठेवायची आणि भिंतीवर लिहायची, असा नियम तिनंच केला. गालिचा सहा. हीटर सात. स्टेपनी तेरा. शेजारची सीट अकरा. तळाला आवाज दाबायला डांबरी थर असतो, तो तिनं चार दिवस बसून खरवडला. नऊ. तळाच्या भोकांतली रबरी बुचं काढली, ती काट्यावर दिसलीसुद्धा नाहीत. एकदा ती राखदाणी घेऊन आली.

"पाव किलो. लिहा."

"पाव काय लिहायचा?"

"लिहा म्हटलं ना. मी काढलीय."

लिहिला. भिंत खालपर्यंत भरत आली.

शेवटी स्प्रिंगांचं काम राहिलं. प्रत्येक स्प्रिंगच्या खाली आटे पाडलेली एक रिंग असते. ती वर फिरवली की त्या चाकावरचा भार वाढतो, खाली घेतली की कमी होतो. गाडीचं एकूण वजन त्यानं बदलत नाही, एका चाकावरून दुसऱ्यावर जातं एवढंच. हे काम ड्रायव्हर आत बसलेला असतानाच करायचं असतं, कारण ड्रायव्हर एका बाजूला बसतो आणि त्याच्या वजनानं गाडी तिकडे झुकते. पण असं तासन्‌तास कोण बसणार? म्हणून तिला हेल्मेट घालून काट्यावर उभं केलं. एकसष्ट. तिनं आपल्या युनिफॉर्मच्या दोन निळ्या पँटी घेतल्या, पायांची तोंडं शिवली, मी वाळू मोजून भरली. एक पँट सीटवर बसली, पाय थेट पेडलपर्यंत. दुसरी दुमडून पाठीच्या जागी टेकवली. वर सीटचा पट्टा आवळला.

ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अगंबाई. सवत आणली माझ्यावर."

तेव्हापासून ती सवत. "सवतीला पट्टा बांधलात का?" "सवतीचं जेवण झालं का?" मी शेडमध्ये फार वेळ काढला की स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक यायची, "मिस्त्री, आता तिला झोपू द्या!"

"तुझ्यापेक्षा बरी आहे," मी ओरडायचो. "बोलत नाही."

"म्हणून तर तिचं ऐकता."

हे सगळं त्या वर्षाच्या सुरुवातीचं. पाच महिन्यांनी, ट्रॅकच्या दिवसाला तीन आठवडे राहिले असताना, शेवटचं माप खऱ्या ड्रायव्हरचं घ्यावं म्हणून मी तिला बसवलं. तेव्हाचं सुरुवातीला सांगितलंच आहे. भिंतीवर लिहून झाल्यावर सवतीची शिवण उसवली, आठ किलो वाळू काढली आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून फळीवर ठेवली. तिनं पुन्हा शिवण घातली, दोरा दातानं तोडला.

"सवतही बारीक झाली," ती म्हणाली. "आता तरी तिला कुणाची दृष्ट लागू नये."

मी ड्रायव्हरच्या बाजूची मागची रिंग अर्धा फेरा वर घेतली. पट्टा सैल होत होता, तो दोन बोटं आवळला. आकडे अगदी जुळले. इतके चांगले आकडे मी कधी पाहिले नव्हते.

ट्रॅकवर झेंडा घेऊन एक माणूस उभा होता, टोपी मागे सरकवलेला. त्यानं गाडी पाहिली, तिला पाहिलं.

"बाई रेसर आहेत?"

"शाळेची बस चालवायची," मी म्हणालो.

"बस?" त्याला हसू आवरेना.

तिसऱ्या चकरेला ती आमच्या समोरून गेली. मागच्या वळणावर गाडी जराही डगमगली नाही, सरळ निघाली. झेंडेवाला तिच्या मागे बघत राहिला. मग मला म्हणाला, "कुठल्या शाळेची हो बस?"

नऊ चकरा झाल्या. गाडी आत आली, इंजिन बंद झालं, पण ती उतरेना. मी खिडकीशी गेलो. हेल्मेटच्या आत तिचा चेहरा घामानं भिजला होता.

"काय गं?"

"थांबा जरा. पोटात ओढल्यासारखं होतंय. पट्ट्यानं असेल."

मी पट्टा एक बोट सैल केला.

"कशी गेले?" तिनं विचारलं.

"चौथी चक्कर सगळ्यात चांगली."

"चौथ्याच चकरेला मी आरशात बघितलं, मिस्त्री. मागे कुणीच नव्हतं. रिकामं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मागे कुणी नाही." ती हसली. मग म्हणाली, "थोडं पाणी द्या."

पाच आठवड्यांनी आम्ही डॉक्टरांसमोर बसलो होतो. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. समोर तिचे रिपोर्ट होते.

"वजन कधीपासून उतरतंय, काही अंदाज?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी तारीख सांगितली. म्हणालो, "त्या दिवशी आठ किलो कमी होतं. आधीच्या पाच महिन्यांत उतरलेलं."

त्यांनी लिहून घेतलं. "इतकं नेमकं कसं लक्षात राहिलं?"

"मोजलं होतं."

"बरं. मग काय केलंत तुम्ही?"

त्यांनी सहज विचारलं होतं. औषध वगैरे काही घेतलं का, एवढंच त्यांना म्हणायचं असणार. पण मी माझ्या सवयीनं, विचारलं तेवढं उत्तर दिलं.

"रिंग अर्धा फेरा वर घेतली."

त्यांचं पेन थांबलं. तिनं टेबलाखाली माझा हात धरला आणि घट्ट दाबला.

नंतर बाहेर मी त्यांना एकट्याला गाठून विचारलं, त्या दिवशीच आणलं असतं तर? ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही." हे वाक्य मी तेव्हापासून अनेकदा उलटंसुलटं करून पाहिलं आहे. त्यातून काहीच बाहेर पडत नाही.

ती सात महिने होती. शेवटचे दोन खाटेवरच. तरी जिभेला गंज चढला नव्हता. एक दिवस म्हणाली, "आता किती असेन मी?"

"मला नाही माहीत."

"काट्यावर बसवा, कळेल."

मी तिची उशी सरळ केली.

"एक ऐका. माझ्या मापानं सवतीची वाळू काढत बसू नका. ती त्रेपन्नवर राहू द्या. त्रेपन्नवर मी गाडी चालवलीय." थोडा वेळ ती डोळे मिटून पडली. "आणि पोरीला बसवा एकदा."

"ती गाडीचं नाव काढू देत नाही."

"देईल."

ती गेल्यानंतर महिनाभर मी शेडचं दार उघडलं नाही. मग एका सकाळी उघडलं, गाडी काट्यांवर चढवली, सवतीला बसवलं, पट्टा बांधला. आठशे त्रेचाळीस. हे का केलं ते मला सांगता येणार नाही. गाडी अशी काट्यांवर ठेवत नाहीत, काटे थकतात. तरी ठेवली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन जायचो आणि चार आकडे वाचून बेरीज करायचो. आठशे त्रेचाळीस आलं की परत यायचो. शेडच्या खिडकीतून सवतीची पाठ दिसायची, निळी, जरा कलती. तिच्या पँटचंच कापड होतं ते, बावीस वर्षं सीटला घासून मऊ पडलेलं.

भिंतीकडे मी बघत नव्हतो. एकदा ओला फडका घेऊन तिथं उभा राहिलो. पुसायला काय लागतं, खडूच तो. पण पुसलं असतं तर मी ते केलंच नव्हतं असं झालं असतं. मग गाडीची जुनी ताडपत्री भिंतीवर खिळे मारून टांगली.

चार महिन्यांनी एक दिवस बेरीज आठशे बेचाळीस आली.

मी पुन्हा केली. बेचाळीस. दुसऱ्या दिवशीही बेचाळीस. तिसऱ्या दिवशी एक्केचाळीसच्या जवळ. आणि मी काय केलं असेल? मी तीन नंबरचा काटा ओढून काढला आणि त्यावर वीस किलोचं वजन ठेवलं.

वीस.

मग मात्र मी गाडीखाली आडवा झालो. तळाच्या ज्या भोकातलं बूच आम्ही काढलं होतं त्याच्याखाली फरशीवर वाळूची लहानशी रास जमली होती. वरून अजून एक एक कण पडत होता. सवतीची शिवण गुडघ्याशी उसवली होती. मी वाळू सुपलीत गोळा केली, चाळली, मोजली आणि परत भरली. मला शिवता येत नाही. तिची सुई होती, तिचा दोरा होता, पण सुईत दोरा ओवायलाच मला अर्धा तास लागला. टाके वेडेवाकडे पडले. वरून इंजिनाच्या पाइपला लावायची चिकटपट्टी गुंडाळली. मोजलं. आठशे त्रेचाळीस.

त्या दिवशी मी तिथंच सवतीच्या शेजारी, काढलेल्या सीटच्या जागी, नुसत्या पत्र्यावर संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. अर्थात त्यामुळे काट्यांवरचे सगळे आकडे चुकले.

आमची मुलगी दुसऱ्या शहरात असते, इस्पितळात रक्त तपासायचं काम करते. दर रविवारी तिचा फोन यायचा. जेवलात का, गोळी घेतलीत का. गाडीबद्दल एक शब्द नाही. घरी आली तरी शेडकडे फिरकायची नाही. मला वाटायचं, तिनं सगळं ताडलंय. आईचं वजन उतरत होतं आणि बाप वाळू काढत बसला होता, हे तिला कुणीतरी सांगितलं असणार. ती विचारेल त्या दिवशी काय सांगायचं, हे मी अकरा महिने मनात जुळवत होतो.

गेल्या शनिवारी ती आली ती हातात हेल्मेट घेऊन.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"माझं. नवीन घेतलंय. आईचं मला बसत नाही, माझं डोकं तुमच्यावर गेलंय." तिनं बूट काढले नाहीत, सरळ मागच्या दाराकडे निघाली. "ट्रॅकवर नाव नोंदवलंय मी. पुढच्या महिन्यातलं. आईनं कबूल करून घेतलं होतं, आणि ती कशी कबूल करून घेते ते तुम्हाला माहितीये. चला, शेड उघडा."

मी किल्ली शोधायला मुद्दाम वेळ लावला. शेवटी तिनंच ती खिळ्यावरून काढली.

आत सवत बसली होती. मुलगी दारातच थांबली. ती पँट तिनं ओळखली. लहानपणी शाळेत जाताना ती ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसायची.

"हिला हलवावं लागेल," मी म्हणालो. "तू बसणार असशील तर."

पट्टा सोडायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला. अकरा महिन्यांत तो उघडलाच नव्हता. मी वरचा भाग उचलला, तिनं खालचा. पाय लोंबत होते. आम्ही दोघांनी सवतीला बाकावर आडवी ठेवली, आणि बाकावर ठेवल्यावर ती फारच माणसासारखी दिसायला लागली. मुलगी मागे सरकली.

"झाका हो तिला काहीतरी," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत तिनं हात वर करून भिंतीवरची ताडपत्री ओढली.

खिळे उपटले गेले. खडूची धूळ खाली आली. मी ताडपत्री सवतीवर घालत राहिलो, कोपरे नीट करत राहिलो. माझी पाठ भिंतीकडे होती. ती वाचत होती ते मला ऐकू येत होतं. "गालिचा सहा. हीटर सात. राखदाणी..." ती जराशी हसली. मग आवाज थांबला.

"बाबा, हे काय?"

"काय?"

"ड्रायव्हर, आठ."

मी वळलो.

"ही तारीख ट्रॅकच्या आधीची आहे."

"तीन आठवडे आधीची," मी म्हणालो.

मग सांगितलं. अकरा महिने जुळवलेलं त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. काटा तपासला ते सांगितलं. टाळी वाजवली ते सांगितलं. रिंग फिरवली, पट्टा आवळला, ट्रॅकवर एक बोट सैल केला, सगळं. ती स्टुलावर बसली होती, हेल्मेट मांडीवर. बाहेर रस्त्यावर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. तो माणूस नुसता किका मारत होता. चोक ओढायला हवा होता त्यानं. मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होतो.

"तिनं मला फोन केला होता," मुलगी म्हणाली. "त्याच आठवड्यात."

"कुणी?"

"आईनं. म्हणाली, एखाद्याचं वजन आपोआप उतरलं तर काय काय असू शकतं गं? मी म्हटलं, कुणाचं? म्हणाली, बसमधल्या एका बाईचं. मी तिला सगळी यादी सांगितली. मला पाठच आहे ती. शेवटी म्हटलं, त्या बाईला म्हणावं, उद्याच्या उद्या तपासून घे. तर म्हणाली, सांगते, पण ती महिनाभरानं जाईल. तिला आधी एक काम आहे."

स्कूटर सुरू झाली आणि गेली.

"तुला कळलं नाही?" मी विचारलं.

"बाबा, ती रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. बसमधली बाई कुठून येणार?" तिनं हेल्मेटची पट्टी बोटाला गुंडाळली, सोडली. "फोन ठेवला आणि मला कळलं. पण मी परत फोन केला नाही. म्हटलं, नसेल. म्हटलं, रविवारी बोलू. रविवारी ती नुसती कार्ब्युरेटरबद्दल बोलत होती. इतकी खूश होती की मी विचारलंच नाही."

मला एकदम आठवलं, तीन नंबरचा काटा बिघडला असेल असं त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालं कोण. मी नाही. मी फक्त, आठ किलो कमी भरतंय, एवढंच म्हणालो होतो.

रडलं कुणी नाही. मग तिनं हातातलं हेल्मेट डोक्यात घातलं.

"घ्या वजन."

"आज राहू दे."

"बाबा, घ्या."

ती गाडीत शिरली. गुडघे स्टिअरिंगला अडकत होते, ती आईपेक्षा उंच आहे. मी गाडी चारही कोपऱ्यांवर दाबून हलवली. गुडघ्यांवर सरकत आकडे वाचले, फरशीवर लिहिले.

"हलू नकोस."

"नाही हलत. किती?"

"आठशे एकसष्ट. म्हणजे तू एकाहत्तर."

"हेल्मेट धरून."

"हेल्मेट धरून."

"आणि बूट पण आहेत."

"बूट पण."

"मग ठीक आहे." ती उतरली, खिडकीतला खडू घेतला आणि भिंतीपाशी गेली. ड्रायव्हर – ८ च्या खाली थोडी जागा उरली होती.

"तिथं फक्त काढलेलं लिहितात," मी म्हणालो.

"आता घातलेलं पण लिहू." तिनं लिहिलं : ड्रायव्हर + १८. खाली तारीख घातली. वरची ओळ तिनं पुसली नाही. तिच्यावरून हातही फिरवला नाही.

रविवारी संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. दारात म्हणाली, "मला गाडी माझ्या मापाची हवी हं. आईच्या मापाची नको. वळणावर फेकून देईल मला."

"देईल," मी म्हणालो.

आज ट्रॅकला नऊ दिवस आहेत. सीट दोन भोकं मागे घेतली. पट्टा चार बोटं सैल केला. तेल बदललं, ब्रेक बघितले, हवा भरली. तळाच्या भोकांना पुन्हा रबरी बुचं बसवली, त्यांचं वजन आताही काट्यावर दिसत नाही. सवत बाकावर ताडपत्रीखाली आहे. आठ किलोचा डबा फळीवर आहे. ड्रायव्हरच्या बाजूची मागची रिंग एक फेरा खाली घ्यायची आहे. सोमवारपासून पाना तिला लावून ठेवला आहे. दोन मिनिटांचं काम आहे. ते अजून झालेलं नाही.